आठ ओळींची कविता, पाचशे शब्दांचा प्रतिसाद: साहित्याच्या वर्गासाठी विश्लेषण कसं लिहायचं

बीएला किंवा एमएला साहित्य घेतलं की सेमिस्टर जरा मार्गी लागतंय तोच अंतर्गत मूल्यमापनाचं एक छोटं काम हातात पडतं: नेमलेल्या कवितेवर, कथेवर किंवा नाटकातल्या एखाद्या प्रवेशावर ४०० ते ५०० शब्दांचा विश्लेषणात्मक प्रतिसाद. शब्द थोडे म्हणजे काम सोपं असा समज होतो आणि ते आदल्या रात्रीवर ढकललं जातं. मग जे हाताशी असतं तेच कागदावर उतरतं, म्हणजे दहावीच्या रसग्रहणाचा साचा.

त्या साच्याला नावं ठेवायचं कारण नाही. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये या तीन मुद्द्यांमुळे शाळेतली मुलं कवितेकडे तीन बाजूंनी बघायला शिकतात. पण त्यात आशय एका परिच्छेदात राहतो आणि भाषा दुसऱ्यात. दोघांची गाठ पडतच नाही. कॉलेजात मार्क मिळतात ते नेमके या गाठीला. अमुक शब्द अमुक जागी आहे म्हणून अर्थ असा होतो, हे तिथे दाखवून द्यायचं असतं. पाचशे शब्दांत एवढी एकच गोष्ट नीट होते आणि तेवढी झाली तर पुरे आहे, असं माझं ठाम मत आहे.

नुसत्या सूचनांनी हे कळत नाही, म्हणून या लेखात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच कविता घेऊन काम करू. बालकवींची ‘औदुंबर’.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे
पायवाट पांढरी तयांतुन अडवी तिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर

अनेकांना तोंडपाठ असलेली कविता मी मुद्दाम निवडली आहे. पाठ असलेली कविता आपण म्हणतो, वाचत नाही. तिच्यात नवं काही सापडू शकतं हे एकदा पटलं, की कुठल्याही कवितेवर लिहायचं धाडस येतं.

प्रश्न नीट वाचा

प्रश्नातलं क्रियापद आधी अधोरेखित करा. ‘स्पष्ट करा’, ‘तुलना करा’, ‘विश्लेषण करा’, ‘चर्चा करा’ ही वेगवेगळी कामं आहेत. ‘औदुंबरमधील रंगप्रतिमांचे विश्लेषण करा’ असा प्रश्न असेल, तर यमकांवरचा तुमचा उत्तम परिच्छेद रंगांशी जोडला गेल्याशिवाय कामाचा नाही. प्रश्नच दिलेला नसेल आणि नुसतं ‘या कवितेवर प्रतिसाद लिहा’ असं सांगितलं असेल, तर प्रश्न तुम्हीच तयार करायचा आहे. तो कुठून येतो ते आता पाहू.

पेन्सिल घेऊन वाचन

कविता मोठ्या अक्षरात, दोन ओळींत भरपूर जागा सोडून कागदावर उतरवा किंवा झेरॉक्स काढा. मोबाइलच्या पडद्यावर हे काम होत नाही. खुणा करायला, बाण काढायला, खोडायला जागा लागते.

पहिलं वाचन मोठ्यानं करा, तेही दोनदा. हाती पेन्सिल न घेता नुसतं ऐकायचं. दुसऱ्या वाचनात सरळ अर्थ लावा आणि तो स्वतःपुरता दोन वाक्यांत लिहून ठेवा. झरा वाहतोय, पलीकडे टेकडीजवळ गाव आहे, पुढे शेतं आहेत, त्यातून एक पायवाट डोहाकडे जाते, डोहात पाय सोडून औदुंबर बसला आहे. हे उत्तरात लिहायचं नाही. पण ही पायरी गाळली की चुका होतात. झरा वाहत वाहत काळ्या डोहाकडे जातो असं प्रतिसादांत सर्रास लिहिलेलं असतं. कवितेत डोहाकडे ‘चालली’ आहे ती पायवाट. झरा दुसऱ्या ओळीनंतर येतच नाही. एवढ्या एका चुकीनं पुढचं सगळं विवेचन कोसळतं.

अडलेल्या शब्दासाठी कोश उघडा. ‘झाकळणे’ हा शब्द ओळखीचा वाटतो, पण दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त एकदा बघितलेला बरा. आभाळ झाकळतं, उजेड झाकळतो. इथे पाणी झाकळलं आहे. ‘डोह’ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. प्रवाहातली खोल, संथ जागा. हे कळलं की ‘वाहतो’ आणि ‘डोह’ यांतलं अंतर आपोआप जाणवतं.

तिसऱ्या वाचनात पेन्सिल चालवा. चार गोष्टी शोधायच्या: काय पुन्हा येतं, काय खटकतं, कुठे काही बदलतं आणि काय असायला हवं होतं पण नाही. कागदाच्या कडेला निव्वळ नोंदी करा, अर्थ लावायची घाई नको. ‘औदुंबर’च्या बाबतीत माझ्या नोंदी अशा होतील.

रंग सात ठिकाणी येतात. हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. हिरवा सहाव्या ओळीत शेवटचा दिसतो आणि त्याच ओळीत काळा सुरू होतो.

यमकं बघा. पहिल्या दोन ओळी ‘घेउन’, ‘बेटातुन’. शेवटच्या दोन ‘लाटांवर’, ‘औदुंबर’. मधल्या चारही ओळींचा शेवट मात्र सारखा: टेकडीकडे, पुढे, पडे, डोहाकडे. त्यांतले तीन शब्द दिशा सांगणारे आहेत.

मात्रा मोजून पाहिल्या तर प्रत्येक ओळ सोळा मात्रांवर किंचित थांबते. नंतर मधल्या चार ओळींत अकरा मात्रा येतात, पहिल्या आणि शेवटच्या दोन ओळींत दहा. शेवटच्या ओळीत हा थांबा ‘बसला’ या शब्दावर पडतो आणि लगेच ‘असला’ येतो. बसला, असला. मोठ्यानं म्हटल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

माणूस कुठेच नाही. घरं आहेत, शेतं आहेत, वाट आहे, म्हणजे माणसं नक्की आहेत, पण एकही दिसत नाही. ‘गर्दी’ हा एरवी माणसांचा शब्द. इथे ती हिरवळीची आहे. वाट माणसांच्या पायांनी पडलेली, पण कवितेत पाय दिसतो तो झाडाचा.

‘गोड काळिमा’ खटकतं. काळिमा लागतो तो नावाला, कुळाला. गोड कसा असेल?

आणि सातव्या ओळीचं व्याकरण. पाणी झाकळून लाटांवर काळिमा कोण पसरतं? काळिमाच आपणहून पसरतो, की कोणीतरी तो पसरतं? वाक्याचा कर्ता औदुंबर आहे असं धरलं, तर तो आठव्या ओळीच्या अगदी शेवटच्या शब्दापर्यंत लपलेला राहतो. कवितेचं नावही तेच, शेवटचा शब्दही तोच. दोन्ही वाचनं शक्य आहेत आणि ज्याला लिहायचं आहे त्याच्यासाठी अशी जागा म्हणजे पर्वणी.

या सगळ्या नोंदी उत्तरात येणार नाहीत. निम्म्याहून जास्त टाकून द्यायच्या आहेत. तरी त्या कराव्याच लागतात, कारण कुठली उपयोगी पडेल ते आधी कळत नसतं.

नोंदींतून विधानाकडे

प्रतिसादाचा कणा म्हणजे एक विधान. ते बनताना कसं बदलत जातं ते पाहा.

‘या कवितेत बालकवींनी निसर्गाचे सुंदर चित्रण केले आहे.’ हे कोणीही नाकारणार नाही. जे नाकारता येत नाही ते सिद्ध करायला पाचशे शब्द कशाला?

‘कवितेत आधी हिरवा आणि नंतर काळा रंग येतो.’ ही नोंद आहे, खरी आहे, पण त्यामुळे काय होतं हे त्यात नाही.

‘औदुंबर हे मृत्यूचे प्रतीक आहे.’ यावर वाद घालता येतो, हे चांगलं. पण मध्ये काहीच पायऱ्या नाहीत; काळ्या रंगावरून थेट मृत्यूवर उडी आहे. ‘गोड’ हा शब्द आणि पाय सोडून बसण्यातला निवांतपणा यांचं काय करायचं, याचं उत्तर या विधानाकडे नाही. जे वाचन कवितेतले महत्त्वाचे शब्द बाजूला सारतं ते फार काळ टिकत नाही.

आता हे पाहा: ‘औदुंबर ही कविता वाचकाला मधल्या चार ओळींतून सतत पुढे चालवते आणि डोहाशी आणून बसवते. डोहाचा काळेपणा तिथे भयावह वाटत नाही, विसाव्याचा वाटतो. आणि तो तसा वाटण्याचे श्रेय ‘गोड’ या विशेषणाइतकेच ‘पाय टाकुनी बसला’ या साध्या, ओळखीच्या कृतीलाही आहे.’

हे विधान कामाचं आहे. यात कवितेतले शब्द आहेत, कवितेत काय घडतं ते आहे आणि कशामुळे घडतं तेही आहे. कोणी म्हणू शकतं की नाही, मला तो डोह भीतिदायकच वाटतो. म्हणजे सिद्ध करण्याजोगं काही आहे. विधानाची परीक्षा करताना हेच विचारायचं: शहाण्या माणसाला याविरुद्ध काही म्हणता येईल का? आणि माझ्या बाजूनं कवितेतले किमान तीन शब्द उभे राहतात का?

विधान सुचत नसेल तर खटकलेल्या नोंदीपुढे ‘का’ लिहा. गोड का? माणूस का नाही? कर्ता शेवटी का? ज्या ‘का’चं उत्तर दुसऱ्या एखाद्या नोंदीला जाऊन भिडतं, तोच तुमचा प्रश्न आणि त्याचं उत्तर म्हणजे विधान.

आराखडा

पाचशे शब्दांत सुरुवातीला साठ-सत्तर शब्द, मग सव्वाशे शब्दांच्या आसपासचे तीन परिच्छेद आणि उरलेल्यात शेवट. प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा. आपल्या उदाहरणात पहिला परिच्छेद चालण्याचा: दिशादर्शक यमकं, पायवाट. दुसरा थांबण्याचा: लांबलेला कर्ता, ‘बसला’वरचा थांबा. तिसरा ‘गोड काळिमा’चा, आणि त्यातच विरुद्ध मताची दखल: डोह काळा आहे आणि तिथे माणूस पोचलेला नाही, त्यामुळे एकटेपणाची छटा आहेच. ती मान्य करून मग आपलं म्हणणं पुढे न्यायचं. विरुद्ध मत दडवलं तर ते तपासणाऱ्याला दिसतं. मांडून उत्तर दिलं तर विधान भक्कम होतं.

कवितेच्या ओळींच्या क्रमानं परिच्छेद लावू नका. ‘पहिल्या ओळीत कवी म्हणतो, दुसऱ्या ओळीत कवी म्हणतो’ असं सुरू झालं की ते भावार्थलेखन होतं.

परिच्छेद लिहिताना

नेहमी वाचायला मिळणारा परिच्छेद असा असतो:

‘या कवितेत कवीने निसर्गाचे अतिशय सुंदर वर्णन केले आहे. झरा, गाव, शेते, पायवाट, डोह अशा अनेक प्रतिमा वापरल्या आहेत. रंगांचा सुरेख वापर करून कवीने जणू शब्दचित्रच रेखाटले आहे. चेतनगुणोक्ती अलंकारामुळे कवितेची गोडी वाढली आहे. ही कविता वाचकाच्या मनाला भिडते.’

यात चूक असं काही नाही. पण कवितेचं नाव झाकून हा परिच्छेद वाचा. निसर्गावरच्या शंभर कवितांना तो जसाच्या तसा लागू पडेल. चेतनगुणोक्ती, म्हणजे माणूस नसलेल्या गोष्टीला माणसासारखं वागताना दाखवणं, या अलंकाराचं नाव घेतलं आहे, तो इथे काय करतो ते सांगितलेलं नाही. आता त्याच जागी हा:

‘मधल्या चार ओळी ‘टेकडीकडे’, ‘पुढे’, ‘पडे’, ‘डोहाकडे’ या शब्दांनी संपतात. यांतील तीन शब्द दिशा दाखवतात, त्यामुळे ओळ संपली तरी नजर थांबत नाही. ती पुढच्या ओळीत जाते. पायवाटही स्थिर नाही. ती ‘अडवी तिडवी पडे’ आणि लगेच ‘चालली’ आहे. या वाटेवर माणूस मात्र नाही. गाव आहे, शेतमळे आहेत, पण ‘गर्दी’ आहे ती हिरवळीची. माणसांच्या पायांनी पडलेली वाट कवितेत दिसते आणि प्रत्यक्ष पाय दिसतो तो शेवटच्या ओळीत, झाडाचा. चालण्यासाठी असलेला हा अवयव तिथे पाण्यात ‘टाकुनी’ बसण्याच्या कामी येतो. वाटेने सुरू केलेली चाल औदुंबराच्या या बैठकीत संपते.’

इथे ‘चेतनगुणोक्ती’ हा शब्द एकदाही आलेला नाही, तरी झाडाला पाय दिल्यामुळे काय साधलं हे पूर्ण सांगितलं आहे. पारिभाषिक शब्द वापरायला हरकत नाही, किंबहुना विषयाची ओळख आहे हे त्यातून कळतं. पण नाव घेतल्यावर पुढच्याच वाक्यात त्याचं काम सांगा.

दुसरी लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे अवतरणं किती तुटक आहेत. एकेक, दोन-दोन शब्द, आणि तेही स्वतःच्या वाक्यात गुंफलेले. पाचशे शब्दांच्या प्रतिसादात चार चार ओळी उतरवून काढल्या तर जागा खर्ची पडते आणि त्यातला कुठला शब्द महत्त्वाचा ते वाचणाऱ्यावर सोपवल्यासारखं होतं. पूर्ण ओळ द्यायचीच असेल तर तिच्यातल्या शब्दांबद्दल नंतर निदान दोन वाक्यं यायला हवीत. तेवढं सांगण्याजोगं नसेल तर ती ओळ नको.

अवतरण पाठांतरावरून लिहू नका. नेमलेल्या पुस्तकातूनच घ्या, त्यातल्या अनुस्वारासकट आणि ऱ्हस्व-दीर्घासकट. जुन्या कवितांचं लेखन आवृत्तीगणिक बदलतं. वृत्तासाठी कवीनं ‘घेउन’ ऱ्हस्व लिहिलं असेल तर ते ‘घेऊन’ करायचा अधिकार आपल्याला नाही. एक मात्रा वाढते. इंटरनेटवरून किंवा चॅटबॉटकडून मिळालेल्या ओळींवर तर मुळीच विसंबू नका. ओळ अर्धी बदललेली, कधी कधी सरळ रचलेली असते आणि ती बेधडक अवतरणचिन्हांत दिलेली असते.

सुरुवात आणि शेवट

‘त्र्यंबक बापूजी ठोंबरे ऊर्फ बालकवी यांचा जन्म १८९० साली धरणगाव येथे झाला’ या वाक्यानं सुरुवात झाली की तेवढे शब्द वाया गेलेच. तपासणाऱ्याला ते माहीत असतं आणि पुढच्या विवेचनात त्याचा काही संबंध येत नाही. कवीचं आणि कवितेचं नाव, कवितेतली एखादी ठसठशीत गोष्ट आणि तुमचं विधान, एवढं पहिल्या परिच्छेदात पुरतं. माझा आग्रह असा की पहिला परिच्छेद शेवटी लिहावा. आपण नेमकं काय सिद्ध केलं ते लिहून झाल्यावरच स्वच्छ कळतं.

शेवटात तेच विधान पुन्हा लिहू नका. इतक्या लहान लेखनात वाचणारा काही विसरलेला नसतो. तिथे एक पाऊल पुढे जा. ‘श्रावणमासि हर्ष मानसी’ लिहिणाऱ्या, हिरव्या रंगाचा हर्ष गाणाऱ्या कवीकडे हिरव्यातून निघून काळ्यापाशी समाधानानं थांबणारी कविताही आहे, तेव्हा ‘निसर्गकवी’ हे बिरुद त्यांना पुरेसं आहे का? असा प्रश्न तुमच्या विवेचनातूनच उगवलेला असेल तर तो शेवट शोभतो.

चरित्र, प्रतीकं, गाईड

५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात बालकवी गेले. वय अवघं २७. ही माहिती कळली की काळा डोह म्हणजे त्यांना लागलेली मृत्यूची चाहूल, असं लिहायचा मोह होतो. तो आवरा. अपघाताची चाहूल कोणाला लागत नाही आणि कवितेत तसं सुचवणारा एकही शब्द नाही. चरित्र वर्ज्य नाही, पण ते कवितेतल्या एखाद्या शब्दाशी जोडता आलं पाहिजे. नाही जोडता आलं तर सोडून द्या.

प्रतीकांचंही तेच. उंबराचं झाड म्हटलं की मराठी माणसाला दत्त आठवतो, नरसोबाची वाडी आठवते, कृष्णाकाठचं औदुंबर क्षेत्र आठवतं. डोहाकाठचं ते झाड ध्यानस्थ बसलेल्या विरक्तासारखं आहे, असं वाचन करता येईल. पण मग ‘पाय टाकुनी जळात’ याकडे पुन्हा बघावं लागेल. ध्यानाला बसणारा मांडी घालतो. पाण्यात पाय सोडून बसतो तो दमलेला, किंवा नुसताच निवांत माणूस. माझ्या दृष्टीनं या एका कृतीमुळे औदुंबर योग्यापेक्षा आपल्या ओळखीच्या माणसाच्या जास्त जवळ जातो. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर तसं लिहा, फक्त त्या पायांचा हिशेब द्या.

गाईडमधली आणि समीक्षाग्रंथांतली मतं वाचायची असतील तर स्वतःच्या नोंदी करून झाल्यावर वाचा. आधी वाचली की डोळ्यांना तेवढंच दिसतं. एखाद्या समीक्षकाचं म्हणणं घेतलं तर नाव आणि ग्रंथ नमूद करा आणि त्याच्याशी सहमत किंवा असहमत का, तेही लिहा. नुसता दाखला म्हणजे विवेचन होत नाही.

कथा किंवा नाटक असेल तर

पद्धत तीच, शोधायच्या जागा बदलतात. पूर्ण कथेवर पाचशे शब्द लिहायला गेलात तर कथानक सांगण्यातच संपतील. एक प्रसंग, एक संवाद, फार तर एक पान निवडा. निवेदक कोण आहे, त्याला काय माहीत आहे आणि काय नाही, कुठल्या घटनेला दोन पानं दिली आहेत आणि कुठली एका वाक्यात उरकली आहे, कोण बोलतं आणि कोण गप्प राहतं, हे बघा. दिवाकरांच्या नाट्यछटांसारखा प्रकार नेमलेला असेल तर काम फार रंजक होतं, कारण तिथे बोलणारं पात्र एकच असतं. समोरचा काय म्हणाला ते या पात्राच्या उत्तरांवरून आणि अर्धवट सोडलेल्या वाक्यांवरून ताडायचं असतं. तिथल्या विरामचिन्हांवरसुद्धा परिच्छेद लिहिता येतो.

कथानक सांगायचं तर एका वाक्यात, तेही प्रसंग कुठला हे कळण्यापुरतं. आणि ‘मी’ असं म्हणणारा निवेदक म्हणजे लेखक, असं धरून चालू नका.

हात फिरवताना

लिहून झाल्यावर निदान एक रात्र मध्ये जाऊ द्या. मग मोठ्यानं वाचा. वाचताना जीभ अडखळेल तिथे वाक्य मोडा. ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’, ‘सुंदर’, ‘सुरेख’ या शब्दांभोवती गोल करा आणि प्रत्येक काढून बघा; वाक्यातून काही गेलं नाही तर तो नको होता. ‘आपल्याला दिसून येते’, ‘असे म्हटले तर वावगे ठरणार नाही’, ‘प्रस्तुत कवितेत कवीने’ ही भरतीची वाक्यं एका प्रतिसादातून पन्नास शब्द सहज खातात, आणि ते पन्नास शब्द तुम्हाला ‘गोड काळिमा’साठी हवे आहेत.

नंतर प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य सुटं लिहून काढा. ती तीन-चार वाक्यं एकापाठोपाठ वाचल्यावर युक्तिवाद कळला पाहिजे. दोन वाक्यं एकच गोष्ट सांगत असतील तर परिच्छेद एक करा. एखादं वाक्य विधानाशी नातं सांगत नसेल तर तो परिच्छेद कितीही आवडता असला तरी काढा. सगळ्यात जास्त सुधारणा याच पायरीवर होते, आणि घाईत सगळ्यात आधी गळते तीही हीच.

कविता, कथा यांत काय घडतं ते वर्तमानकाळात लिहा: पायवाट डोहाकडे जाते, औदुंबर बसतो. कवीच्या आयुष्यातल्या घटना भूतकाळात. लेखन प्रमाण मराठीत ठेवा, म्हणजे ‘केलं’ऐवजी ‘केले’, आणि पूर्ण लेखनात एकच पद्धत. ‘मला वाटते’ एखाद-दुसऱ्या वेळी चालेल. दर वाक्यात आलं तर तुमचाच स्वतःवर विश्वास नाही असं वाटतं.

सरांनी किंवा मॅडमनी वर्गात सांगितलेल्या अर्थापेक्षा तुमचं वाचन वेगळं असेल तर बिचकू नका. वर्गातलं मत एका वाक्यात आदरानं मांडा, मग कवितेतल्या कुठल्या शब्दामुळे तुम्ही वेगळे गेलात ते दाखवा. शब्दांचा आधार असलेलं मतभेदाचं लेखन बहुतेक शिक्षकांना मनापासून आवडतं. त्यानंतर तोंडी परीक्षेत त्यावरच प्रश्न आला, तर वहीतल्या कडेच्या नोंदी उपयोगी पडतील. त्या फेकू नका.

टाइप करत असाल तर युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य चिन्हांत उघडते. पीडीएफ करा, एकदा स्वतःच्या मोबाइलवर उघडून जोडाक्षरं नीट दिसतात का पाहा, फाइलला स्वतःचं नाव आणि हजेरी क्रमांक द्या आणि कवितेच्या ओळी पुस्तकाशी शेवटच्या एकदा ताडून मगच पाठवा.